एका ठोशामागची वीस वर्षं

दहाव्या फेरीची दोन मिनिटं होत आली होती. ५ नोव्हेंबर १९९४ ची रात्र, लास व्हेगासचं एमजीएम ग्रँड. एका बाजूला मायकेल मूरर, वय २६, ३५ लढती आणि ३५ विजय, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या दोन्ही संघटनांचा हेवीवेट जगज्जेता. दुसऱ्या बाजूला जॉर्ज फोरमन, वय ४५, वजन २५० पौंड, डोकं तुळतुळीत, कंबर सुटलेली. नऊ फेऱ्या तो मूररचे ठोसे खात पुढे पुढे येत राहिला होता. मूरर त्याच्याहून २८ पौंडांनी हलका, हाताने चपळ आणि डावखुरा. तो जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टाकायचा, लागोपाठ दोन-तीन ठोसे मारायचा आणि फोरमनचा हात वळेपर्यंत पुन्हा गार्डमध्ये, म्हणजे हातांच्या आडोशाला, जायचा.

पंचांच्या कागदावर काय होतं ते नीट बघू. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ अशी गुणपद्धत. नऊ फेऱ्यांअखेर दोन पंचांनी मूररला ८८-८३ असं पुढे ठेवलं होतं, म्हणजे सात फेऱ्या त्याच्या आणि दोनच फोरमनच्या. तिसऱ्या पंचाकडे ८६-८५, म्हणजे पाच आणि चार. लढत बारा फेऱ्यांची होती. उरलेल्या तिन्ही फेऱ्या फोरमनने जिंकल्या असत्या, तरी पहिल्या दोन कागदांवर तो हरलेलाच राहिला असता. मूररला पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

फोरमनने डावा जॅब टाकला, मागोमाग उजवा हात सरळ सोडला. तो लागला. मूरर हलला, पण जागचा सरकला नाही. फोरमनने पुन्हा तेच केलं: डावा, उजवा. या वेळचा उजवा आखूड होता, पल्ल्यासाठी हात फार मागेही नेला नव्हता. बघणाऱ्याला तो आदल्या पन्नास ठोशांसारखाच वाटावा. तो हनुवटीवर बसला आणि मूरर पाठीवर आडवा झाला. रेफरी जो कोर्टेझने दहा आकडे मोजले. फेरीची २ मिनिटं ३ सेकंद झाली होती. फोरमन आपल्या कोपऱ्यात गेला, गुडघे टेकले आणि डोकं खाली घालून प्रार्थना करू लागला.

त्या दिवशी त्याचं वय ४५ वर्षं २९९ दिवस होतं. त्याआधी हेवीवेटचं जगज्जेतेपद सर्वांत मोठ्या वयात जिंकण्याचा विक्रम जर्सी जो वॉलकॉटचा होता, १९५१ मधला, वयाच्या ३७ व्या वर्षीचा. फोरमनने तो आठ वर्षांनी पुढे नेला. हेवीवेटमध्ये आजही तो त्याच्याच नावावर आहे.

ही लढत मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही हा चमत्कार वाटला होता. नंतर तिला जोडून फोरमनच्या तरुणपणच्या लढती बघत गेलो आणि चमत्कार हा शब्द गळून पडला. वय मुष्टियोद्ध्याचं काय करतं, हे समजून घ्यायला इतकं सोयीचं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. एरवी आपण एका तरुणाची तुलना दुसऱ्या म्हाताऱ्याशी करतो. इथे माणूस एकच आहे. पंचविशीत तो जगातला सर्वांत भीतिदायक हेवीवेट होता आणि हरला. पंचेचाळिशीत तो संथ, जड झाला होता आणि जिंकला. मधल्या वीस वर्षांत काय गेलं आणि काय आलं, हे त्याच्या एकट्याच्या देहावर वाचता येतं.

पंचविशीतला फोरमन

१० जानेवारी १९४९ चा जन्म, टेक्सासमधल्या मार्शल गावचा. ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डमध्ये हलाखीत वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेला, उनाडक्या करत फिरणारा पोरगा. जॉब कॉर्प्स या सरकारी योजनेत दाखल झाला आणि तिथे हातात ग्लोव्ह्ज आले. पुढे फार वेळ गेला नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १९ व्या वर्षी त्याने हेवीवेटचं सुवर्णपदक घेतलं.

आपल्याकडे तालमीत वस्तादाच्या नजरेत भरलेल्या, पुढे नाव काढेल अशा पोराला पठ्ठा म्हणतात. फोरमन तसा पठ्ठा होता आणि त्याची बांधणीही नीट झाली. १९६९ च्या जूनमध्ये व्यावसायिक झाल्यावर साडेतीन वर्षांत ३७ लढती, सगळ्या जिंकलेल्या. २२ जानेवारी १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्याने जगज्जेत्या जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. मग टोकियोत होजे रोमान पहिल्या फेरीत गेला, काराकासमध्ये केन नॉर्टन दुसऱ्या फेरीत. अलीला तोंड द्यायला तो निघाला तेव्हा ४० लढती, ४० विजय, त्यांतले ३७ नॉकआउट.

या आकड्यांनी त्या वेळी सगळ्यांना भारून टाकलं होतं. पण याच पानावर त्याचं दुखणंही लिहिलेलं होतं. अलीआधीच्या त्याच्या लागोपाठ आठ लढती दुसऱ्या फेरीच्या पुढे गेल्या नव्हत्या. दोन वर्षांहून अधिक काळ त्याला तिसऱ्या फेरीची घंटाच ऐकू आली नव्हती. सरावात फेऱ्या होतात, पण खरी लढत लांबते तेव्हा श्वास कसा पुरवायचा, समोरचा पडत नाही म्हटल्यावर डोकं कसं थंड ठेवायचं, हे सरावात पुरतं कळत नाही. फोरमनवर ते शिकायची वेळ फारशी आलीच नव्हती. त्याचं बळच त्याच्या शिक्षणाच्या आड आलं होतं.

३० ऑक्टोबर १९७४ ला झाईरमधल्या किन्शासात मुहम्मद अलीने ते ओळखलं. अली ३२ वर्षांचा होता. पायांतली पूर्वीची नजाकत ओसरली होती आणि हे त्याचं त्याला ठाऊक होतं. तो दोरांना रेलला, हात चेहऱ्यासमोर घेतले आणि फोरमनला मारू दिलं. फोरमन मारत सुटला. दंडांवर, बरगड्यांवर, कोपरांवर. पहाटेची वेळ असली तरी हवा दमट होती आणि प्रत्येक ठोसा तो शेवटचा असल्यासारखा मारत होता. पाचव्या फेरीनंतर त्याचे ठोसे नुसते ढकलल्यासारखे येऊ लागले. आठव्या फेरीच्या अखेरीस अली दोरांवरून निसटला, पाच-सहा ठोसे झाडले आणि २५ वर्षांचा फोरमन गिरकी घेत खाली गेला.

त्या रात्री थकलं ते तरुण शरीर आणि टिकलं ते त्याच्याहून सात वर्षांनी जुनं. तरुण पठ्ठ्याचा दम कमी पडतो असं आपण सहसा मानत नाही. फुप्फुसं तर त्याचीच चांगली असतात. पण दमसास नुसता फुप्फुसांत नसतो. कधी खर्चायचा नाही हे कळण्यातही तो असतो.

फोरमनला ही हार फार लागली. १७ मार्च १९७७ ला सान हुआनमध्ये जिमी यंग या चलाख, हाती न लागणाऱ्या माणसाने त्याला बारा फेऱ्या खेळवलं आणि गुणांवर हरवलं. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये आपण मृत्यू पाहिला आणि देवाने परत आणलं, असं फोरमन नंतर आयुष्यभर सांगत राहिला. वयाच्या २८ व्या वर्षी त्याने ग्लोव्ह्ज टांगले आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला.

दहा वर्षं रिंगबाहेर

या दहा वर्षांबद्दल लोक घाईने बोलतात: चर्च काढलं, मुलांसाठी युवा केंद्र काढलं, पैसे कमी पडले म्हणून परत आला. हे सगळं खरं आहे. पण माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट या दहा वर्षांत घडली, आणि ती म्हणजे त्याच्या डोक्यावर कोणी मारलं नाही.

मुष्टियोद्ध्याचं खरं वय जन्मदाखल्यावर कमी आणि खाल्लेल्या ठोशांवर जास्त ठरतं. लढतीतले ठोसे आपण मोजतो, सरावातले कोणी मोजत नाही, आणि संख्येने जास्त तेच असतात. २८ ते ३८ हा काळ बहुतेक हेवीवेटांचा सर्वांत जास्त मार खाण्याचा असतो. फोरमनने तो व्यासपीठावर उभं राहून बायबल सांगण्यात घालवला. शरीर दहा वर्षांनी म्हातारं झालं, पण मेंदूवर त्या दहा वर्षांची झीज चढली नाही.

९ मार्च १९८७ ला तो सॅक्रामेंटोत परत उतरला तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि वजन होतं २६७ पौंड. फ्रेझरला पाडताना ते २१७ च्या आसपास होतं. लोक हसले. समोरचा स्टीव्ह झौस्की नामांकित नव्हता. पुढची तीन-चार वर्षंही बरेचसे प्रतिस्पर्धी बेताचेच होते आणि त्यावरून फोरमनची टिंगल व्हायची. मला त्यात शहाणपण दिसतं. तो स्वतःलाच पुन्हा पठ्ठ्यासारखा बांधत होता, या वेळी घाई न करता. तरुणपणी त्याला जे मिळालं नव्हतं ते आता तो जमवत होता: फेऱ्या.

त्याची शैली बघा. तरुण फोरमन हात लांब फेकून, रुंद फिरवून मारायचा. परतलेला फोरमन दोन्ही हात दुमडून चेहऱ्यासमोर आडवे धरायचा. ही आर्ची मूरची जुनी पद्धत. मूर फोरमनच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या-सांभाळणाऱ्या माणसांत, पहिल्या कारकिर्दीतही होता. पण पंचविशीत ज्याला कोणाचे ठोसे लागतच नाहीत, त्याला गार्ड शिकवून उपयोग काय? किन्शासाच्या दुधाने तोंड पोळलं होतं, आता तो ताकही फुंकून पीत होता. एक जॅब टाकायचा, थांबायचं, एक पाऊल पुढे. दोन ठोसे, पुन्हा थांबायचं. १९९१ च्या एप्रिलमध्ये २८ वर्षांच्या इव्हँडर होलीफिल्डशी तो पूर्ण बारा फेऱ्या लढला. हरला, पण फेऱ्यांमधल्या विश्रांतीत तो स्टुलावर बसलाच नाही, उभा राहिला. वय ४२. पंचविशीत आठव्या फेरीत ज्याचा श्वास संपला होता, तोच हा माणूस.

देहाचा हिशेब

वय सगळं एकदम नेत नाही. आधी जातो तो वेग, म्हणजे स्नायू झटक्यात आखडण्याची ताकद. जलद आखडणारे तंतू तिशीनंतर हळूहळू कमी होतात, उरलेल्यांची धारही कमी होते. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर साधारण दर दशकाला दहा टक्क्यांनी उतरते. नेमाने व्यायाम करणाऱ्यांत ही घसरण बरीच मंद असते, पण चुकत कोणालाच नाही. पाय आधी जड होतात. डोळ्याने ठोसा दिसतो, डोकं बाजूला न्यायला क्षणभर उशीर होतो.

निव्वळ बळ मात्र पुष्कळ मागाहून जातं. आणि हेवीवेटच्या ठोशात हाताच्या वेगाइतकाच वाटा देहाच्या वजनाचा असतो. टाच उचलली, कंबर फिरली, खांद्यामागे वजन आलं की मूठ नुसती त्या वजनाचं टोक असते. २५० पौंडांच्या माणसाचा संथ ठोसासुद्धा २५० पौंडांच्या माणसाचाच ठोसा असतो. म्हणून ५७ किलोंच्या गटात चाळिशीतला जगज्जेता सापडणं दुर्मीळ आणि हेवीवेटमध्ये तो अधूनमधून सापडतो. त्यात आणखी एक गोष्ट: हेवीवेट म्हणजे २०० पौंडांच्या वर, त्याला वरची मर्यादाच नाही. हलक्या गटांतले खेळाडू वर्षानुवर्षं वजन उतरवण्यासाठी अंगातलं पाणी काढत स्वतःला झिजवतात. हेवीवेटवर ती पाळी येत नाही.

म्हाताऱ्या मुठीला मग उणीव उरते एकच: ती पोचत नाही. तरुण माणूस हलत राहिला तर फोरमनसारख्याचा ठोसा हवेतच जायचा. हे सगळ्यांना कळलेलं होतं. १९९३ च्या जूनमध्ये टॉमी मॉरिसनने बारा फेऱ्या फोरमनभोवती फिरत राहून त्याला गुणांवर हरवलं होतं. ती लढत कंटाळवाणी होती, पण शहाणी होती. मूररपुढे दीड वर्ष आधी गिरवलेला कित्ता तयार होता.

चार कोपरे

मग मूरर एका जागी उभा का राहिला?

त्याच्या कोपऱ्यात टेडी अ‍ॅटलस होता. अ‍ॅटलस कॅट्सकिलमध्ये कस डीअमाटो या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला, किशोरवयीन माइक टायसनला शिकवलेला माणूस. डीअमाटोचे दोन शिष्य, फ्लॉइड पॅटरसन आणि टायसन, आपापल्या काळातले सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेते. पॅटरसनने १९५६ मध्ये २१ व्या वर्षी चाळिशीच्या आसपासच्या आर्ची मूरला पाडून किताब घेतला, टायसनने २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला हरवून, २० वर्षं आणि १४५ दिवसांचा असताना. म्हणजे मूररच्या मागे जगातली सर्वांत नामवंत तरुण-पठ्ठ्यांची तालीम उभी होती. आणि फोरमन जो आडवा गार्ड वापरत होता, तो ज्याचा होता तो आर्ची मूर म्हणजे पॅटरसनपुढे पडलेला तो प्रौढ मल्ल.

फोरमनच्या कोपऱ्यात अँजेलो डंडी. किन्शासात तो अलीच्या कोपऱ्यात होता. फोरमनने त्या रात्री अंगात घातलेली लाल चड्डी किन्शासातलीच होती.

अ‍ॅटलस मूररला फेरीमागून फेरी सांगत होता: त्याच्यासमोर उभा राहू नकोस, हलत राहा. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताच्या भारी ठोशापासून वाचायचं तर आपल्या उजवीकडे सरकत राहायचं, म्हणजे तो हात लांब पडतो. मूरर पहिल्या फेऱ्यांत सरकलाही. पण तो मुळात मागून येऊन ठोसा परतवणारा, पाय रोवून मारणारा खेळाडू होता. त्याला फोरमनचे ठोसे दिसत होते, फोरमन चुकत होता, गुण मिळत होते. सगळं सोपं चाललं असताना पाय हलवायचे कष्ट कोण घेतं? वाईट चाललेलं असतं तेव्हा तरुण माणूस सावध असतो. तो बेसावध होतो चांगलं चाललेलं असताना. हळूहळू मूररचे पाय थांबत गेले आणि तो फोरमनच्या सरळ रेषेत येऊन उभा राहिला. डावखुऱ्याचा गार्ड आणि उजव्या हाताचा सरळ ठोसा, मधली वाट उघडी असते.

फोरमन दहा फेऱ्या काय करत होता, हे मागून बघताना कळतं. तो मूररला ठोशांच्या एका तालाची सवय लावत होता. डावा, उजवा, चुकलं, थांब. डावा, उजवा, चुकलं, थांब. तालमीत जिला खडाखडी म्हणतात, ती तो दहा फेऱ्या करत होता. मूररला वाटलं हा थकलाय. पंचविशीतल्या फोरमनने सातव्या फेरीपर्यंत आपले सगळे ठोसे खर्च करून टाकले असते. पंचेचाळिशीतला एका ठोशाला लागेल तेवढा जोर दहाव्या फेरीपर्यंत राखून होता. त्याला त्यापेक्षा जास्त परवडणारही नव्हतं, आणि हेच त्याच्या कामी आलं. जवानीत ज्याला संयमाची गरज वाटली नव्हती, त्याला म्हातारपणाने सक्तीने संयम शिकवला.

सर्वांत तरुण कोण, ही शर्यत

आता आजच्या पठ्ठ्यांकडे येऊ, कारण हे प्रकरण मी त्यांच्यासाठीच पुन्हा उघडलं. इंग्लंडच्या केंट परगण्यात वाढलेला, स्लोव्हाकियात जन्मलेला मोझेस इतौमा हे गेल्या काही वर्षांतलं सर्वांत चर्चेतलं नाव. तोही डावखुरा. २८ डिसेंबर २००४ चा जन्म, २०२२ मध्ये युवा विश्वविजेता, २०२३ च्या जानेवारीत व्यावसायिक पदार्पण आणि पहिली लढत २३ सेकंदांत खलास. तो टायसनचा विक्रम मोडणार, असं सुरुवातीपासून बोललं जात होतं. हिशेब करून बघा: टायसनच्या वयाशी त्याची बरोबरी २२ मे २०२५ ला होत होती. तो दिवस किताबाविना गेला. दोनच दिवसांनी ग्लासगोत तो माइक बॅलोगन या चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूशी लढला आणि दुसऱ्या फेरीत जिंकला. मग १६ ऑगस्टला रियाधमध्ये ३७ वर्षांचा डिलियन व्हाइट. पहिल्या फेरीची १ मिनिट ५९ सेकंद झाली आणि लढत संपली.

त्या रात्रीअखेर १३ लढती, १३ विजय, ११ नॉकआउट. मुलगा अप्रतिम आहे, हात चपळ आहेत, डोकं शांत आहे. त्याच्याबद्दल मला आस्था आहे म्हणूनच लिहितो: त्या रात्रीपर्यंत तो कधीच सहा फेऱ्यांच्या पुढे गेलेला नव्हता. १९७४ मध्ये फोरमनच्या हातात जवळपास अशीच पाटी होती. टायसनच्या हातातही होती. त्याच्या पहिल्या १९ लढती नॉकआउटने संपल्या, जेम्स टिलिसने १९८६ च्या मे महिन्यात त्याला पहिल्यांदा दहा फेऱ्या चालवलं. २३ व्या वर्षी, ३७ लढती जिंकून तो टोकियोत बस्टर डग्लसपुढे पडला, दहाव्या फेरीत.

सर्वांत तरुण जगज्जेता होण्याची शर्यत मला म्हणूनच घातक वाटते. ती पठ्ठ्याला लवकर संपवण्याचं बक्षीस देते. प्रवर्तकाला विक्रम विकायचा असतो, प्रेक्षकाला पहिल्या फेरीतला नॉकआउट हवा असतो, आणि पोराच्या हातून निसटतात त्या सातवी, आठवी, नववी फेरी, ज्यांत तो काही शिकला असता. इतौमाच्या बाबतीत तारीख टळली याचा मला मनापासून आनंद झाला. आता त्याला घाई करायचं कारण उरलेलं नाही. त्याला कोणी चिवट, पडायला तयार नसलेला माणूस दहा फेऱ्या खेळवेल ती रात्र त्याच्यासाठी व्हाइटच्या रात्रीपेक्षा मोलाची असेल.

प्रौढपण अजूनही काय करू शकतं, हे ज्याला बघायचंय त्याने १९ जुलै २०२५ ची वेम्बली बघावी. ३८ वर्षांच्या ओलेक्झांडर उसिकने २७ वर्षांच्या डॅनियल दुबुआला पाचव्या फेरीत संपवलं. उसिकचे पाय तरुणच आहेत, ते फोरमनचं प्रकरण नाही. पण वाट बघणं तेच.

दुसरी बाजू

इथे मला एक इशारा द्यावासा वाटतो, कारण फोरमनची गोष्ट ऐकून अनेकांनी स्वतःचं वाटोळं केलंय. मूररशी लढत ठरली तेव्हा डब्ल्यूबीए तिला मान्यता द्यायला तयार नव्हती. वय झालेलं, मागच्या लढतीत हरलेला, याला किताबाची संधी का? फोरमन नेवाडाच्या न्यायालयात गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. त्या एका माणसापुरता तो न्याय्यच होता. पण म्हातारा जिंकल्याचं सुख असलं तरी काळ सोकावतो. संघटनेचा संशय मला चुकीचा वाटत नाही.

वय वाढतं तसा मेंदू किंचित आकसतो. कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि धक्क्याने त्या फाटून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ठोसा तोच, पण पंचेचाळिशीत तो जास्त महाग पडतो. आणि हनुवटीत बळ असणं म्हणजे इजा न होणं नव्हे. अली पडला तरी दर वेळी उठला म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि उभं राहून खाल्लेला तो सगळा मार आत साठत गेला. २ ऑक्टोबर १९८० ला ३८ व्या वर्षी तो लॅरी होम्सपुढे उभा राहिला. दहा फेऱ्या होम्सने त्याला मारलं आणि अली जवळपास काहीच करू शकला नाही. शेवटी कोपऱ्यातून ती लढत थांबवली ती अँजेलो डंडीने. चार वर्षांनी अलीला पार्किन्सन्ससारख्या विकाराचं निदान झालं.

हाच डंडी १४ वर्षांनी ४५ वर्षांच्या फोरमनच्या मागे उभा होता. त्याने दोन म्हातारे योद्धे इतक्या जवळून पाहिले, आणि दोघांमधला फरक त्याच्याइतका कोणाला कळला असेल? एकाला दहा वर्षांची विश्रांती मिळाली होती, दुसऱ्याला मिळाली नव्हती.

फोरमनची पुढची कहाणी थोडक्यात अशी: दोन्ही किताब रिंगमध्ये न हरता, संघटनांशी झालेल्या वादांत गेले. १९९५ मध्ये अ‍ॅक्सेल शुल्झविरुद्ध त्याला मिळालेला निकाल मला अजूनही पटत नाही, तो शुल्झने जिंकला होता. २२ नोव्हेंबर १९९७ ला ४८ व्या वर्षी शॅनन ब्रिग्जविरुद्ध शेवटची लढत, गुणांवर हार, आणि या वेळी उलट: ती फोरमनने जिंकली होती असं मानणारे पुष्कळ आहेत. एकूण ७६ विजय, ५ पराभव, ६८ नॉकआउट. २१ मार्च २०२५ ला ७६ व्या वर्षी तो गेला, आणि शेवटपर्यंत त्याचं बोलणं स्पष्ट होतं.

मूररचं मात्र या प्रकरणात अजून थोडं राहिलंय. त्या रात्रीनंतर लोक त्याला म्हाताऱ्याकडून पडलेला म्हणूनच ओळखू लागले. १९९६ मध्ये त्याने आयबीएफचा किताब परत मिळवला, १९९७ मध्ये होलीफिल्डपुढे घालवला, मग काही वर्षं खेळ सोडला, परत आला. २००२ मध्ये डेव्हिड टुआने त्याला अर्ध्या मिनिटात पाडलं. सगळे म्हणाले, संपला.

९ डिसेंबर २००४, कॅलिफोर्नियातलं टेमेक्युला. मूरर ३७ वर्षांचा. समोर वासिली जिरोव्ह, त्याच्याहून सहा-सात वर्षांनी तरुण, १९९६ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, न थांबता ठोसे मारणारा. आठ फेऱ्या जिरोव्हने त्याला मागे ढकललं. तिन्ही पंचांच्या कागदांवर मूरर मागे होता. नवव्या फेरीत त्याने जिरोव्हला पाडलं आणि रेफरीने लढत थांबवली.